गोचीड-ताप : राखणदार पेशीच जेव्हा फितूर होते

संकरित गाईस अचानक १०४ ते १०६ अंश ताप चढतो, खांद्यापुढील गाठ सुजते, ती चारा सोडते व दूध आटते. अशा वेळी थायलेरिया ह्या परजीवीमुळे होणाऱ्या गोचीड-तापाचा संशय घ्यावा. हा रोग इतका घातक का, हे समजल्यास उपायातील घाईचे कारण पटेल.

जनावराच्या शरीरातील भक्षक पेशी रोगजंतूस गिळतात, त्याचे तुकडे करतात व ते आपल्या आवरणावर मांडून टी-पेशींना दाखवितात. ती खूण ओळखून टी-पेशी त्याच शत्रूवर चाल करतात. हे काम गावच्या जागल्यासारखे आहे. त्याने चोर दाखवावा आणि गावाने त्यास पकडावे.

थायलेरिया नेमका ह्या जागल्याच्याच घरात शिरतो. गोचिडाच्या लाळेतून आलेला परजीवी भक्षक पेशीत वस्ती करतो. पेशी दुभंगली की तोही तिच्याबरोबर वाटला जातो. अशी पेशी आपले मूळ काम विसरून बेसुमार वाढते. ती टी-पेशींना जोराने, परंतु सरसकट चेतविते. चोर कोण हे न सांगता जागल्याने नुसतीच आरोळी ठोकावी, तसे हे होय. गाठी सुजतात, ताप चढतो, पण नेमका प्रतिकार उभा राहत नाही. पुढे परजीवी तांबड्या पेशींत शिरतो व जनावर पांढुरके पडते.

म्हणून ताप व गाठ दिसताच पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. गाठीतील द्रव व रक्त तपासून निदान होते. बुपार्व्हाक्वोन हे औषध प्रारंभीच दिल्यास गुण येतो. उशीर झाल्यास जनावर दगावण्याचा धोका वाढतो.

रोगी जनावराचे रक्त प्यालेला लहान गोचीड कात टाकून मोठा झाला की दुसऱ्या जनावरास रोग देतो. मात्र अंगास चिकटल्यावर त्याच्या लाळेतील रोगबीज पक्व होण्यास सुमारे दोन-तीन दिवस लागतात. यास्तव रोज कानामागे, कासेजवळ व मांड्यांत हात फिरवून गोचीड काढावेत व जाळावेत. गोठ्यातील भेगा बुजवाव्यात. गोचीडनाशक औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच वापरावे.

ह्या रोगावर दुर्बल केलेल्या परजीवीची लसही तयार झाली आहे. ती राखणदारास खऱ्या चोराची ओळख आधीच करून देते. तिच्याविषयी ग्रामसेवकांनी दवाखान्यात चौकशी करून शेतकऱ्यांस माहिती द्यावी.