रिंग खात्याचा माणूस भिवंडीत काय करणार?

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आमच्या नायगावच्या बी. डी. डी. चाळीत कुणी फारसे घाबरले नव्हते. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडलेले. महिना-दोन महिन्यांत मिटेल, असाच सगळ्यांचा हिशेब. पावसाळा आला तरी मिटेना. वाण्याने उधारी बंद केली, आईच्या कानातले गेले, आणि वडील काम शोधायला बाहेर पडले.

काम शोधायचे म्हणजे काय, हे त्या पिढीला एकाच रीतीने ठाऊक होते. गिरणीत लागताना कुणी अर्ज केला नव्हता. गावचा किंवा नात्यातला कुणी आधी लागलेला असे, तो मुकादमाच्या कानावर घाली. मग बदली म्हणून पाळीच्या वेळी दारात उभे राहायचे. कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी परत. आता वडील विचारणार कुणाला? काका, मामा, मेहुणे, सगळे गिरणीतच आणि सगळे संपावर.

भिवंडीचे यंत्रमाग मात्र चालू होते. ज्याला माग चालवता येई त्याला तिकडे काम मिळे. पाळी बारा तासांची, ना फंड ना रजा. पण चूल पेटत होती. आमचे वडील रिंग खात्यातले, म्हणजे सूत कातणारे. यंत्रमागवाला सूत तयार विकत आणतो. कातणाऱ्याचे त्याला काय काम? वीस वर्षांचा अनुभव भिवंडीच्या नाक्यावर फुकट गेला.

आमच्या समाजाची एवढी माणसे रिंग खात्यातच का, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. विणकाम खात्यात मजुरी जास्त होती. पण कांडी बदलली की धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे ओठ लागलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावायचा, म्हणत सवर्ण कामगारांनी ते खाते आमच्यासाठी बंद ठेवले. मालकाने नव्हे, बरोबरच्या कामगारांनी! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा अन्याय दूर करण्याची मागणी धरून लावली. पुढे आमची काही माणसे मागावर गेलीही. पण खाते ओळखीने मिळायचे, त्यामुळे बाप ज्या खात्यात तिथेच बहुधा मुलगा. आजोबांच्या वेळी बंद झालेल्या दाराची किंमत आम्ही १९८२ साली मोजली.

संपात पुष्कळ कामगार गावी गेले. ज्यांची भाताची खाचरे होती त्यांनी लावणी केली, वर्षाचे तांदूळ तरी झाले. आमची जमीन नावापुरती. गावी जाऊन परत दुसऱ्याच्या बांधावर राबायचे, तर मुंबईत आलो कशाला?

वडिलांनी बिगारी केली, काही दिवस केळ्यांची गाडी लावली. हिशेब जमला नाही. ओळखीच्या पोरांना फुकट केळी देणारा माणूस धंदा काय करणार! थोरल्या भावाची शाळा त्याच वर्षी सुटली. त्याविषयी घरात आजही कुणी बोलत नाही.

आईने दादरला दोन घरची धुणीभांडी धरली होती. तिथल्या बाईंच्या भावाच्या सोसायटीत रात्रीचा वॉचमन हवा होता. आईने शब्द टाकला, आणि दुसऱ्या दिवशी वडील कामावर गेले. खाकी कपडे पिशवीत घालून नेत आणि तिथे जाऊन बदलत, चाळीत कुणी पाहू नये म्हणून. आमच्या मजल्यावर आणखी तिघांना अशीच कामे लागली, बायकांच्या कामाच्या घरांतून. पुरुषांच्या साऱ्या ओळखी गिरणीच्या दाराशी संपत होत्या. बायका मात्र रोज नव्या दारात जात होत्या.

नोकरी कशी मिळाली, असे कुणी विचारले की वडील म्हणत, "ओळखीने." कुणाच्या ओळखीने, ते मात्र त्यांनी कधी सांगितले नाही.