कोंबड्यांचे खुराडे

‘कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही,’ अशी मराठीत एक म्हण आहे. म्हणीतले हे झाकणे खेड्यात रोज सायंकाळी पाहावयास मिळते. दिवस मावळला, की अंगणात परतलेल्या कोंबड्यांवर बांबूचे मोठे डालगे पालथे घालतात आणि त्यावर एखादा दगड ठेवतात. दोन-तीन कोंबड्या असतील, तर एवढी व्यवस्था पुरते. त्यांची संख्या आठ-दहांवर गेली, म्हणजे मात्र डालगे अपुरे पडते व त्यांच्यासाठी निराळे घर बांधावे लागते. हे घर म्हणजेच खुराडे.

सातारा व सांगली या जिल्ह्यांतील पुष्कळ शेतकरी कुटुंबांत परसातील कोंबड्यांचा सांभाळ घरातील स्त्रिया करतात. अंडी विकून आलेल्या पैशांतून कधी तेलमीठ येते, तर कधी मुलांच्या वह्या येतात. संसाराचा हा लहानसा आधार एका रात्रीत नाहीसा होऊ शकतो. खुराड्याची कडी नीट लागली नाही आणि रानमांजर आत शिरले, तर सकाळी तेथे केवळ पिसे उरतात. म्हणूनच खुराडे लहान असले, तरी ते विचारपूर्वक बांधावे लागते.

खुराडे बांधण्यापूर्वी कोंबडीचा स्वभाव जाणून घेणे अवश्य आहे. पाळीव कोंबडी ही मुख्यतः आग्नेय आशियातील तांबड्या रानकोंबड्याची वंशज होय. तिचा दुसरा नातेवाईक, करडा रानकोंबडा, आजही सह्याद्रीच्या जंगलात आरवतो. हे पक्षी दिवसा जमिनीवर चरतात व रात्री झाडाच्या फांदीवर बसून झोपतात. अंधारात त्यांना नीट दिसत नाही. शत्रूपासून दूर, उंचावर बसणे हाच त्यांचा बचाव असतो. माणसाच्या अंगणात हजारो वर्षे राहूनही कोंबडी ही सवय विसरलेली नाही. यासाठी खुराड्यात फांदीच्या जागी आडव्या दांड्या बसवतात. दांडी सुमारे दोन इंच रुंद असावी व तिच्या कडा तासून गोल केलेल्या असाव्यात. दर कोंबडीस वीतभर जागा मिळावी. सर्व दांड्या एकाच उंचीवर ठेवाव्यात. नाहीतर सर्वांत वरच्या जागेसाठी रोज भांडणे होतात.

दहा कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरत असतील आणि रात्रीपुरत्याच आत येत असतील, तर पाच फूट लांब व चार फूट रुंद असे खुराडे पुरेसे होते. म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला दोन चौरस फूट जागा येते. त्याची तळजमीन चार खांबांवर दीड-दोन फूट उचललेली असावी. त्यामुळे खालून ओल चढत नाही व घुशीला जमीन पोखरून आत येता येत नाही. तळाला बांबूच्या कामट्या अर्धा इंच अंतर सोडून ठोकल्या, तर बरीचशी विष्ठा खाली पडते आणि साफसफाई सोपी होते. हीच विष्ठा कुजवली, म्हणजे शेताला उत्तम खत मिळते.

आता खुराड्यातील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. ती गोष्ट म्हणजे हवा. थंडीच्या दिवसांत कोंबड्यांना गारठा लागेल, या काळजीने काही लोक खुराड्याच्या सर्व फटी गोणपाटाने बंद करतात. हेतू चांगला असतो, परंतु परिणाम वाईट होतो. कोंबड्यांच्या श्वासाबरोबर बाहेर पडणारी वाफ आत कोंडून राहते. विष्ठेतून अमोनिया नावाचा उग्र वायू निघतो. त्याने कोंबड्यांचे डोळे व श्वासनलिका यांना इजा होते आणि त्या आजारी पडतात. वस्तुतः पिसांच्या आवरणामुळे कोंबडीला कोरडी थंडी पुष्कळशी सोसते; ओल व कोंदट हवा मात्र सोसत नाही. उन्हाळ्यातही तेच. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते व अंगातील उष्णता बाहेर टाकते. तिला वारा मिळालाच पाहिजे.

यावर उपाय सोपा आहे. ऊन व कोंदट हवा वर चढते. म्हणून भिंतीचा खालचा भाग बंद ठेवावा आणि छताखाली वीतभर रुंदीची पट्टी मोकळी सोडून तिला जाळी लावावी. असे केल्याने दांडीवर बसलेल्या कोंबड्यांच्या अंगावर थेट वारा येत नाही आणि वाईट हवा वरून निघून जाते. शत्रूला बंद, पण वाऱ्याला उघडे, हे चांगल्या खुराड्याचे लक्षण होय.

एकच खुराडे सगळीकडे चालत नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस असलेल्या माण तालुक्यात तो त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका असतो. महाबळेश्वर-पाटणकडच्या डोंगराळ भागात छप्पर उतरते असावे आणि त्याच्या पाख्या भिंतीबाहेर चांगल्या हातभर याव्यात. पावसाळी वारा पश्चिम व नैर्ऋत्य दिशांकडून येतो. तेव्हा त्या बाजूंना बांबूचे तट्टे घट्ट बांधतात व दार पूर्वेस ठेवतात. माण, आटपाडी, जत या भागांत पावसापेक्षा उन्हाची भीती अधिक. तेथे खुराडे निंबाच्या सावलीत बांधावे. नुसता पत्रा असेल, तर त्यावर उसाचे पाचट किंवा कडबा पसरावा. कृष्णाकाठी तिसरीच चिंता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली होती. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. अशा ठिकाणी खुराडे उंचवट्यावर ठेवावे आणि दोघांना उचलून नेता येईल इतके ते हलके असावे.

शत्रूंचा विचार करताना त्यांच्या वेळाही ध्यानात ठेवाव्यात. मुंगूस व घार दिवसा पिलांवर टपून असतात. रानमांजर, उदमांजर व कोल्हा रात्री येतात. सापाला अंडी व पिले प्रिय असतात आणि तो लहानशा छिद्रातून आत येतो. म्हणून जाळीची भोके अर्ध्या इंचापेक्षा मोठी नसावीत. दाराला कडी लावून तीत खुंटी अडकवावी. नुसती दोरी बांधल्याने काम भागत नाही.

अंडी घालण्यासाठी दर चार-पाच कोंबड्यांमागे फूटभर लांबीरुंदीचे एक खोके अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावे. त्यात मऊ पाचट घालावे. खुडूक कोंबडी अशाच निवांत जागी एकवीस दिवस अंडी उबवते. आठवड्यातून एकदा खुराडे झाडून घ्यावे आणि अधूनमधून दांड्यांना चुना लावावा, म्हणजे पिसवा व गोचिडी यांना थारा मिळत नाही. जवळच राखमातीचा ढीग असला, तर कोंबड्या त्यात लोळून अंग स्वच्छ करतात. मात्र स्वच्छतेने सर्व रोग टळत नाहीत. ‘मानमोडी’सारख्या रोगावर पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस टोचून घेणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

खुराडे तयार झाले, की पहिले काही दिवस कोंबड्यांना आतच ठेवून दाणापाणी द्यावे. मग ते घर त्यांच्या ओळखीचे होते आणि सांजवेळी त्या आपण होऊन परततात. पुढचे काम माणसाचे. दार लावण्यापूर्वी कोंबड्या मोजाव्यात, कडी लावावी, खुंटी ओढून पाहावी. याला दोन मिनिटेही लागत नाहीत. परंतु एवढी दक्षता रोज घेतली, तर पहाटे कोंबडा आरवतो, तेव्हा संध्याकाळी मोजलेल्या सगळ्या कोंबड्या दाणे टिपायला अंगणात उतरतात.