शिकाऊ हातांना पेलणारी मोटारसायकल

मोटारसायकल खरेदीची घरातील चर्चा बहुधा तीन गोष्टींभोवती फिरते : किंमत, अ‍ॅव्हरेज म्हणजे एका लिटर पेट्रोलमध्ये कापले जाणारे अंतर, आणि गाडीचे रूप. सराईत चालकाला हे निकष पुरेसे वाटू शकतात. परंतु ज्याच्या हाताला अजून क्लच सावकाश सोडण्याची सवय लागलेली नाही, त्याच्या बाबतीत गाडी उभी असताना पेलते का, हवी तेथे थांबते का आणि आडवी झाल्यास एकट्याने उचलता येते का, हे प्रश्न आधी विचारावे लागतात.

यांपैकी पहिला प्रश्न वजनाचा आहे. दुचाकी वेगात असताना आपला तोल बऱ्याच अंशी स्वतःच सांभाळते, मात्र चालण्याच्या गतीने वळताना, सिग्नलला थांबताना किंवा चढावर उभी असताना तो भार चालकाच्या पायावर येतो, आणि नवशिक्याची गाडी प्रामुख्याने याच क्षणी कलंडते. म्हणून माहितीपत्रकातील ‘कर्ब वेट’, म्हणजे तेल-पेट्रोल भरलेल्या गाडीचे वजन, आणि ‘सीट हाइट’, म्हणजे जमिनीपासून सीटपर्यंतची उंची, हे दोन आकडे सर्वांत आधी वाचावेत. होंडाच्या शाइन १०० या गाडीचे वजन सुमारे ९९ किलो, तर हीरो स्प्लेंडर प्लसचे सुमारे ११२ किलो असून दोहोंची सीट साधारण ७८५ मिलिमीटर उंचीवर आहे. याउलट रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० सुमारे १९५ किलो भरते, म्हणजे ती कलू लागल्यावर सावरण्यासाठी शिकाऊ चालकाला जवळपास दुप्पट भाराशी झुंजावे लागते. उंची बेताची असलेल्या स्त्री-पुरुषांनी सीटवर बसून दोन्ही पावलांचे चवडे जमिनीवर नीट टेकतात का, हे पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये.

दुसरा विचार इंजिनाचा. ‘सीसी’ म्हणजे सिलिंडरमधील दट्ट्या खालून वर सरकताना जेवढी जागा व्यापतो तिचे घनसेंटिमीटरांतील माप. त्यावरून इंजिनाच्या आकाराची कल्पना येते, पण गाडी किती अंगावर येईल हे तिची ताकद आणि वजन एकत्र पाहूनच कळते. १९८५ साली हीरो होंडाने आणलेल्या सीडी १०० या चार-स्ट्रोक गाडीने आणि पुढे १९९४ मधील स्प्लेंडरने भारतात १०० सीसीचा वर्ग रुजवला. या वर्गातील इंजिन साधारण आठ अश्वशक्ती देते आणि कमी वेगातही पुरेसा ओढा देईल अशा रीतीने जुळवलेले असते, त्यामुळे क्लच जरा लवकर सुटला किंवा अ‍ॅक्सिलरेटर थोडा अधिक पिळला गेला, तरी गाडी उसळी घेत नाही. पल्सर एनएस २०० सारख्या गाडीत हीच शक्ती सुमारे तिप्पट असल्याने मनगटाची तेवढीच चूक तेथे कितीतरी महाग पडते.

तिसरा आणि अनेकदा दुर्लक्षिला जाणारा भाग ब्रेकचा आहे. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकाकडे सरकतो, म्हणून तिला थांबवण्याचे मुख्य काम पुढचा ब्रेक करतो. नवशिका मात्र घाबरून केवळ मागचा ब्रेक दाबतो, मागचे चाक जाम होते आणि पावसाळ्यातील ओल्या डांबरावर किंवा खडीवर गाडी घसरते. १ एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालील दुचाकींना किमान सीबीएस सक्तीचे झाले. सीबीएस म्हणजे एक ब्रेक दाबला असता दोन्ही चाकांना काही प्रमाणात ब्रेक लावणारी जोडयंत्रणा, तर एबीएस म्हणजे चाक जाम होण्याच्या बेतात असताना ब्रेकचा दाब क्षणोक्षणी सैल-घट्ट करून ते फिरते ठेवणारी यंत्रणा. यांपैकी कोणतीही यंत्रणा असली, तरी दोन्ही ब्रेक एकाच वेळी आणि सावकाश लावण्याचा सराव मोकळ्या मैदानात करणे आवश्यकच असते.

शिकताना गाडी एक-दोनदा तरी आडवी होते, हे गृहीत धरून अनेकजण जुनी गाडी घेतात, आणि तो निर्णय व्यवहार्यही आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यामुळे नव्या गाड्यांत पेट्रोलचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणीने होते. त्याआधीच्या बहुतेक लहान गाड्यांत कार्बुरेटर असल्याने थंडीत चोक ओढून गाडी सुरू करावी लागते, मात्र गल्लीतला मेकॅनिकही तिची दुरुस्ती करू शकतो. अशी गाडी घेताना सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का, पुढच्या शॉकअपमधून तेल गळते का, चेन-स्प्रॉकेटचे दाते झिजले आहेत का आणि हँडल सरळ धरल्यावर पुढचे चाक सरळ राहते का, हे तपासावे. आरसी, विमा आणि पीयूसी पाहून गाडीवर कर्जाचा बोजा शिल्लक नसल्याची खात्रीही करून घ्यावी.

कायद्याची बाजूही खरेदीपूर्वीच समजून घेणे इष्ट आहे. गिअरची मोटारसायकल चालवण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि विनागिअर स्कूटरचा परवाना तिच्यासाठी चालत नाही. शिकाऊ परवाना सहा महिने वैध असतो, पक्क्या परवान्याची चाचणी तो मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर देता येते, आणि दरम्यानच्या काळात गाडीवर लाल ‘एल’ अक्षराची पाटी लावावी लागते व परवानाधारक प्रशिक्षकाखेरीज कोणालाही मागे बसवता येत नाही. दहावी-बारावीचा निकाल लागताच मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या पालकांनी हेही ध्यानात ठेवावे की, २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

या सर्वांचा मेळ घातला असता शिकाऊ चालकासाठी १०० ते १२५ सीसीची, १२५ किलोच्या आत वजनाची आणि जिच्या सुट्या भागांसाठी तालुक्याच्या गावापलीकडे जावे लागत नाही अशा प्रचलित बनावटीची गाडी सर्वाधिक योग्य ठरते. मोठ्या गाडीची हौस दोन पावसाळे या गाडीवर काढल्यानंतरही भागवता येते. तूर्त वाचलेल्या पैशांतून आयएसआय चिन्हाचे हेल्मेट मात्र पहिल्याच दिवशी घ्यावे.