आडवाटेच्या मोटारीचें चाक

बैलगाडीचें चाक घडविणाऱ्या सुताराला गाडी कोणत्या वाटेनें चालणार आणि तिच्यावर ओझें किती पडणार, हें आधीं ठाऊक असावें लागे. तुंबा केवढा, आरे किती जाड आणि लोहारानें तापवून चढवावयाची धांव किती रुंद, हें सारें त्या दोन गोष्टींवरून ठरे. रंगाचा विचार अखेरीस होई. आज मोटारींच्या दुकानांत हा क्रम बरोबर उलटा झालेला दिसतो. उंच बांध्याची एस्. यू. व्ही. किंवा पिकअप घेतलेला गृहस्थ भिंतीवर टांगलेलीं काळीभोर, रुंद चाकें पाहतो. त्यांतलें एक मनांत भरतें. आणि मग तें गाडीला बसतें कीं नाहीं याची चौकशी सुरू होते. चाक ही मोटारीची शोभा आहे हें खरें. परंतु गाडींत बसलेलीं घरचीं माणसें आणि खालची जमीन यांमधील सर्व भार त्या चार चाकांवरूनच जातो, हें त्याहूनही खरें. म्हणून कारखान्याचें चाक काढून दुसरें बसवावयाचें झाल्यास निवड कोणत्या क्रमानें करावी, याचा विचार येथें केला आहे.

पहिला प्रश्न चाकाचा नसून वाटेचा आहे. ज्या गाडीचा बहुतेक प्रवास शहरांतील डांबरी रस्त्यांवर व सुट्टींत एखाद्या घाटांतून होतो, तिला मूळचेंच चाक सर्वांत योग्य असतें. कारण तें त्या गाडीचे ब्रेक, स्टिअरिंग, स्प्रिंगा आणि बेअरिंगें यांच्याशीं जुळवून व तपासून ठरविलेलें असतें. बदल करण्यास खरीं कारणें थोडींच आहेत. दगडधोंडे, चिखल वा वाळू यांतून वारंवार जावयाचें असल्यामुळें अधिक उंच किंवा रुंद टायर हवा असणें, हें एक. मूळच्या चाकाचा व्यास फार मोठा असल्यामुळें टायरला रबर कमी उरणें, हें दुसरें. आणि नेहमींच्या भारी ओझ्यासाठीं अधिक बळकट चाकाची गरज पडणें, हें तिसरें. यांपैकीं एकही कारण लागू नसेल, तर पैसे चाकांत न घालतां चांगल्या टायरांत घालावे, हेंच शहाणपणाचें.

आडवाटेच्या गाडीला मोठें चाक हवें, हा समज मुळांतच तपासून पाहण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धांतील विलिस जीपचें चाक अवघें १६ इंच व्यासाचें होतें आणि त्यावर चढविलेला टायर सहा इंच रुंदीचा असे. हीच जीप महिंद्र कंपनीनें १९४७ सालापासून मुंबईत जुळवावयास सुरुवात केली. त्या चाकावर जीप चिखलांतून आणि वाळवंटांतून फिरली. कारण आडवाटेवर काम करतो तो टायरचा उंच, लवचिक भाग, धातूचें कडें नव्हे. आजचा हिशोब पाहावा. टायरची एकूण उंची ३३ इंच धरली आणि चाक १७ इंचांचें घेतलें, तर धातूचा कांठ व जमीन यांमध्यें आठ इंच रबर राहतें. तोच टायर २० इंची चाकासाठीं घेतला, तर रबर साडेसहा इंचच उरतें. दगडाचा वा खड्ड्याचा धक्का पहिल्या चाकावर रबर सोसतें. दुसऱ्यावर तो धातूपर्यंत पोहोंचण्याचा संभव वाढतो.

वाळूंत तर हा फरक फारच जाणवतो. डांबरी रस्त्यावर ज्या टायरांत चौरस इंचाला ३५ पौंड हवा असते, ती वाळूवर १५ ते १८ पौंडांपर्यंत उतरवितात. हवा कमी झाली म्हणजे टायर लांबट पसरतो, भार अधिक जागेवर वांटला जातो आणि चाक रुतत नाहीं. जैसलमेरकडील वाळूंत जाणारे प्रवासी हेंच करतात आणि दुबईस नोकरीनिमित्त राहिलेलीं मराठी कुटुंबें सुट्टीच्या दिवशीं वाळूच्या टेकड्यांवर गाडी नेतात तेव्हां त्यांनाही हेंच करावें लागतें. पातळ रबराच्या टायरला अशी हवा उतरविणें झेपत नाहीं. अर्थात् अशा वेळीं वेग अगदीं कमी ठेवावा लागतो व पक्क्या रस्त्यावर येण्यापूर्वीं हवा पुन्हां भरावी लागते. चाकाचा व्यास किती लहान करतां येईल याला एकच मर्यादा आहे: आंतील ब्रेक मोकळा राहिला पाहिजे. म्हणून व्यास ठरविण्यापूर्वीं तें चाक प्रत्यक्ष हबवर चढवून, हातानें फिरवून पाहावें.

व्यास ठरल्यावर बोल्टांच्या वर्तुळाकडे वळावें. बोल्टांच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या कल्पित वर्तुळाच्या व्यासाला बाजारांत पी. सी. डी. म्हणतात. सुझुकीच्या जिप्सीला व जिम्नीला पांच बोल्ट १३९.७ मिलिमीटर, म्हणजे साडेपांच इंच, व्यासाच्या वर्तुळावर असतात. २००७ पासूनच्या जीप रँग्लरला पांच बोल्ट १२७ मिलिमीटरवर आहेत. टोयोटा हायलक्स व फॉर्च्युनर यांना सहा बोल्ट १३९.७ वर, तर २००४ पासूनच्या अमेरिकन फोर्ड एफ-१५० ला सहा बोल्ट १३५ वर आहेत. शेवटचीं दोन मापें एकमेकांच्या इतकीं जवळ आहेत कीं, नुसत्या नजरेला फरक कळणार नाहीं. पण प्रत्येक बोल्ट सव्वादोन मिलिमीटरांहून अधिक सरकलेला असतो. नट ओढून आवळला कीं बसेल, असें कोणी सुचविल्यास तें चाक तेथेंच परत करावें. ताणानें वाकलेला बोल्ट आज तुटत नाहीं; तो घाटाच्या उतारावर तुटतो.

बोल्ट जुळले म्हणजे चाक जुळलें असेंही नाहीं. चाकाच्या मध्यभागीं जें गोल भोंक असतें तें हबच्या उंचवट्यावर नेमकें बसावें लागतें. हायलक्स आणि अमेरिकेंतील शेव्हरोले सिल्व्हराडो १५०० या दोहोंचें बोल्टांचें वर्तुळ एकच, सहा बोल्ट १३९.७ वर, पण हायलक्सच्या चाकाचें मध्यभोंक १०६.१ मिलिमीटर असतें आणि सिल्व्हराडोचें ७८.१. सिल्व्हराडोचें चाक हायलक्सवर चढणारच नाहीं. उलट हायलक्सचें चाक सिल्व्हराडोवर चढेल, पण मध्यभागीं सैल राहील. तेव्हां मधली पोकळी भरून काढणारी अचूक मापाची कडी हवी. ती नसेल आणि नटांनींही चाक नेमकें मध्यावर आणलें नाहीं, तर वेग वाढतांच स्टिअरिंग थरथरूं लागतें.

यानंतरचें माप सर्वांत अधिक गोंधळ घालणारें आणि म्हणूनच नीट समजून घेण्याजोगें आहे. त्याला ऑफसेट म्हणतात. चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर एक रेषा कल्पावी. हबला टेकणारा पृष्ठभाग त्या रेषेवर असला तर ऑफसेट शून्य. रेषेच्या बाहेरच्या बाजूस असला तर धन. आंतल्या बाजूस असला तर ऋण. धन ऑफसेटचें चाक गाडीच्या पोटाखालीं आंत राहतें, ऋण ऑफसेटचें बाहेर झेपावतें. समजा, मूळचें चाक साडेसात इंच रुंद व ऑफसेट धन ३० मिलिमीटर आहे. नवें साडेआठ इंच रुंद व ऑफसेट शून्य आहे. रुंदी एक इंचानें वाढली म्हणून प्रत्येक कडा १२.७ मिलिमीटर सरकली; ऑफसेट बदलल्यामुळें सारें चाक ३० मिलिमीटर बाहेर आलें. एकंदरींत बाहेरची कडा ४२.७ मिलिमीटर बाहेर आली आणि आंतली कडा स्प्रिंगांपासून १७.३ मिलिमीटर दूर गेली. आंत जागा झाली हा लाभ; पण दोन्ही बाजू मिळून गाडी साडेआठ सेंटिमीटरांनीं रुंदावली. अमेरिकन कारखानदार हेंच माप पुष्कळदां आंतल्या कडेपासून मोजून बॅकस्पेसिंग या नांवानें इंचांत देतात. नऊ इंची चाकाची कडेसकट रुंदी सुमारें दहा इंच. तिचें अर्धें पांच. ऑफसेट ऋण १२ मिलिमीटर असल्यास त्यांतून ०.४७ वजा करावे, बाकी ४.५३ इंच.

थोडासा फरक गाडी सहन करते. पण अति तेथें माती. चाक जितकें बाहेर जाईल, तितका बेअरिंगवर तरफेसारखा ताण वाढतो, खड्ड्याचा धक्का स्टिअरिंगमधून हातांपर्यंत येतो, टायर वळणावर मडगार्डला घांसूं लागतो आणि मागून येणाऱ्यांवर चिखल व खडे उडतात. मूळ चाक तसेंच ठेवून मध्यें जाड चकत्या घालणें हाही तोच प्रकार होय. शिवाय त्यांत ढिलें होणारें एक स्थान अधिक वाढतें.

मापें जुळल्यावर भार पाहावा. गाडीच्या माहितीपत्रकांत प्रत्येक आंसावर जास्तींत जास्त किती वजन चालतें तें दिलेलें असतें. मागचा आंस १८०० किलोंचा असेल, तर त्या बाजूच्या प्रत्येक चाकाची शक्ति किमान ९०० किलो हवी, आणि आडवाटेसाठीं त्याहून कांहीं अधिक असलेली बरी. हा आंकडा चाकाच्या मागील बाजूस कोरलेला असतो. अमेरिकन चाकावर तो पौंडांत असतो, २५०० पौंड म्हणजे सुमारें ११३४ किलो. लहान मोटारीसाठीं घडविलेलें, ६९० किलोंची खूण असलेलें चाक कितीही दणकट दिसलें तरी अशा गाडीला निरुपयोगी. ज्यावर आंकडाच नाहीं, तें चाक कोणत्याही भावानें महागच. जपानी मानकाप्रमाणें तपासलेल्या चाकांवर जे. डब्ल्यू. एल्. हीं अक्षरें असतात, आणि मालगाडींच्या व बसगाड्यांच्या चाकांवर त्यांपुढें टी असतो. भारतांत मोटारींच्या चाकांसाठीं आय. एस्. १६१९२ हें मानक आहे.

धातूविषयीं मतें फार ऐकूं येतात. परंतु त्यांतील तत्त्व साधें आहे. पोलादी चाक, ज्याला गॅरेजमध्यें डिस्क म्हणतात, जड पण स्वस्त असतें. मोठ्या आघातानें तें बहुधा वांकतें, आणि लहान खेड्यांतही कांठ ठोकून कसाबसा मुक्काम गांठतां येतो. ओतीव अॅल्युमिनियमचें अलॉय हलकें व देखणें, पण जबर आघातानें त्याला तडा जातो. तडा गेलेलें चाक डाग लावून पुन्हां वापरणें म्हणजे जिवाशीं खेळ. ओतल्यावर तापवून, रोलरांनीं दाबून ज्याचा घेर ताणलेला असतो, तें चाक याहून बळकट. आणि अखंड ठोकळा प्रचंड दाबाखालीं घडवून केलेलें सर्वांत बळकट, अर्थात् सर्वांत महाग. चाकाचें वजन स्प्रिंगांच्या खालचें असल्यामुळें तें जितकें जड, तितका धक्का सोसणें स्प्रिंगांना कठीण जातें.

बीडलॉक नांवाच्या चाकांना हल्लीं मोठी मागणी आहे. यांत टायरचा बाहेरचा कांठ एका वेगळ्या कड्याखालीं अनेक बोल्टांनीं दाबून धरलेला असतो, त्यामुळें हवा अगदीं कमी केली तरी टायर चाकावरून निसटत नाहीं. युद्धकाळच्या जीपांनाही दोन भाग बोल्टांनीं जोडलेलीं चाकें असत. परंतु हे सारे बोल्ट ठराविक जोरानें आवळून वरचेवर तपासावे लागतात; म्हणून अनेक कारखानदार हीं चाकें केवळ आडवाटेसाठींच विकतात. नुसती शोभेची, खोटीं बोल्टें लावलेली कडीही बाजारांत मिळते. तिचा टायर धरून ठेवण्याशीं कांहीं संबंध नसतो.

नट ही लहान वस्तु, पण सर्व डोलारा तिच्यावर उभा असतो. कांहीं चाकांना निमुळत्या तोंडाचे नट लागतात, कांहींना गोलाकार तोंडाचे, तर कांहींना सपाट वायसरचे. टोयोटाच्या मूळ अलॉयचे सपाट नट दुसऱ्या कारखान्याच्या निमुळत्या भोंकांत घातले, तर ते टेकल्यासारखे वाटतात पण पकड घेत नाहींत. नवीं चाकें बसविल्यावर नट समोरासमोरच्या क्रमानें, जोर मोजणाऱ्या पान्यानें आवळावे आणि ८० ते १६० किलोमीटर चालल्यावर पुन्हां तपासावे. स्टेपनीही त्याच मापाची हवी. नाहींतर रानांत टायर फुटल्यावर मापाची विसंगति चव्हाट्यावर येते. टायरची उंची ३१ वरून ३३ इंच केली, तर मीटर ८० दाखवितो तेव्हां गाडी प्रत्यक्षांत ८५ च्या वेगानें धांवत असते, हेंही ध्यानांत असावें.

शेवटीं कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणें मूळ कारखानदारानें ठरविलेल्या तपशिलाशीं नोंदणीपत्रांतील तपशील विसंगत होईल, असा फेरफार मालकाला करतां येत नाहीं; जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही हेंच बजाविलें आहे. तेव्हां मोठा बदल करण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करणें हें खर्चाचें नव्हे, बचतीचें काम आहे. अपघातानंतर विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें फार महाग पडतात.

दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं गृहस्थानें एका चिठ्ठीवर सात गोष्टी लिहाव्या: बोल्टांची संख्या व वर्तुळ, मध्यभोंक, ब्रेकला पुरणारा किमान व्यास, टायरला चालणारी रुंदी, मूळ ऑफसेट, आंसावरचा भार आणि नटाचा प्रकार. या सातांत जें चाक बसतें, त्यांतून मग रंग आणि आरे खुशाल आवडीनें निवडावे. दुकानदार प्रामाणिक असेल तर ती चिठ्ठी पाहून त्याला आनंदच होईल. आणि नसेल, तर तो चिठ्ठी पाहूनच ओळखतां येईल.