मुलांस विश्वासाचा वारसा कसा मिळतो ?

आमच्या घरीं सायंकाळच्या जेवणापूर्वीं कौटुंबिक उपासना होत असते. एके दिवशीं ती आटोपल्यावर आमच्या धाकट्या मुलानें विचारलें, "बाबा, पणजोबा ख्रिस्ती झाले म्हणूनच आपण ख्रिस्ती ना ?" मुलांच्या प्रश्नांस उत्तरें देणें हा तर आमचा धंदाच, पण त्या वेळीं आम्ही निरुत्तर झालों. शेत, घर, भांडींकुंडीं हीं बापानें मुलाच्या नांवें करून देतां येतात. विश्वासाचें तसें नाहीं. बाप्तिस्म्याच्या नोंदवहींत नांव चढतें, एवढेंच.

मग तो एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातो तरी कसा ? या बाबतींत रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या कुटुंबाची हकीकत आम्हांस फार उद्बोधक वाटते. टिळकांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई व लहानगा दत्तू मागें राहिलीं. त्या माउलीनें काय काय सोसलें, तें तिच्या 'स्मृतिचित्रें' या पुस्तकांतच वाचावें. पुढें उभयतां पुन्हा जवळ आलीं, तेव्हांही बाईंचें सोंवळें सुटलें नव्हतें. टिळक स्वभावानें तापट. क्षुल्लक कारणावरून घर डोक्यावर घेणारे! परंतु या एका गोष्टींत त्यांनीं पत्नीवर सक्ती केली नाहीं. जातिभेद मनुष्यकृत आहे, हें बाईंस उमगलें तें स्वतःशीं विचार करतां करतां. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

१९१९ सालीं टिळक निवर्तले, तेव्हां त्यांचें 'ख्रिस्तायन' हें काव्य अपुरें होतें. तें पुढें नेलें कोणी ? लग्नाच्या वेळीं जिला अक्षरओळखही नव्हती, त्या लक्ष्मीबाईंनीं. त्यांनीं चौसष्ट अध्याय रचले. दत्तू म्हणजे देवदत्त यांच्या आग्रहावरून त्यांनीं आपल्या आठवणी लिहिल्या व १९३४ पासून त्या पुस्तकरूपानें निघाल्या. पुढें नातू अशोक टिळक यांनीं आजीच्या त्याच ग्रंथाची संपूर्ण आवृत्ति संपादिली. पतीच्या हातचें काम पत्नीनें घेतलें, आईचें मुलानें, आजीचें नातवानें. आणि ज्यानें त्यानें तें आपखुषीनें घेतलें, हें विशेष.

तीमथ्याला लिहितांना पौलानेंही त्याची आजी लोईस व आई युनीके यांच्या विश्वासाचा उल्लेख नांवनिशीवार केला आहे. तीमथ्याचा बाप हेल्लेणी होता, हें प्रेषितांच्या कृत्यांवरून कळतें. आमच्यांतील पुष्कळ पुरुषमंडळी हें काम शब्बाथशाळेवर टाकून मोकळी होतात, म्हणून येथें मुद्दाम सांगितलें.

आमच्या घरची चूकही सांगावयास हवी. इतकीं वर्षें आम्ही शास्त्रपाठ वाचीत होतों तो एक डोळा घड्याळाकडे ठेवून, आणि प्रार्थना ठराविक शब्दांची. मुलांनीं तें कधींच ताडलें असावें. त्या प्रश्नानंतर आम्ही पणजोबांची गोष्ट मुलास सांगूं लागलों: गांवकऱ्यांनीं विहिरीवर मज्जाव केला ती, भावानें बोलणें टाकलें ती. "त्यांना भीति वाटली नसेल का ?" असें त्यानें विचारलें. वाटली असेलच, असें आम्ही म्हणालों.

हल्लीं उपासनेनंतर प्रश्नांकरितां थोडा वेळ राखून ठेवितों. परवां त्यानें विचारलें, "आणि मोठेपणीं मला पटलें नाहीं तर ?" त्याची आई स्वयंपाकघरांतून आमच्याकडे पाहूं लागली. टिळकांनीं पांच वर्षें वाट पाहिली, एवढें आम्ही त्यास सांगितलें.