चष्म्यावरील चरे

घासल्यावांचून झळाळी नाहीं, हें भंडारा जिल्ह्यांतील गृहिणीस कोणीं शिकवावयास नको. भंडारा पितळी भांड्यांसाठीं प्रसिद्ध. भोंवतालचा मुलूख धानाचा. तुसाची राख आणि चिंच यांनीं घासलेला तांब्या सोन्यासारखा उजळतो. परंतु हाच न्याय आजोबांच्या चष्म्यास लावला, म्हणजे भिंग कायमचें बिघडतें. चष्म्यावर चरे दिसले कीं घरांतील एक जण टूथपेस्ट सुचवितो, दुसरा खाण्याचा सोडा, तिसरा मोबाइलवर पाहिलेली एखादी युक्ति. या सर्वांस आमचें एकच सांगणें आहे: चरा घरीं निघत नाहीं.

घासणें म्हणजे असंख्य बारीक चरे पाडून वरचा थर झिजविणें होय. तांब्यावरील काळसर थर असा गेला कीं खालचा धातु उजळ दिसतो. भिंगांतून मात्र प्रकाश पलीकडे जावयाचा असतो. प्रत्येक चरा त्यास फांकवितो आणि अक्षरें धूसर होतात. शिवाय आजचीं बहुतेक भिंगें प्लास्टिकचीं असतात. अमेरिकेंत १९४७ च्या सुमारास तीं चष्म्यांत आलीं. तीं हलकीं, सहसा न फुटणारीं, पण कांचेहून मऊ. म्हणून त्यांवर कठीण लेप देतात, आणि पुष्कळदां चकाकी टाळणारा दुसराहि. हा दुसरा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनहि पातळ असतो. टूथपेस्टमधील खरखरीत कण चऱ्याभोंवतालचा लेपच खरवडून काढतात. तेल वा मेण लावल्यास चरा बुजल्याचा भास होतो, पण पुसतांच तो पुन्हा दिसतो. कांच कोरणारीं आम्लें तर घरांत आणूंच नयेत. त्यांपासून त्वचेस व डोळ्यांस गंभीर इजा होते.

तेव्हां चरा पडूं न देणें, हाच उपाय आम्ही सुचवूं. रस्त्यावरील धुळींत आणि तुसाच्या राखेंतहि सिलिका, म्हणजे वाळूचेंच द्रव्य असतें. कोरडा चष्मा पदरानें वा सदऱ्याच्या टोंकानें पुसला कीं हे कण भिंगावर फिरतात. म्हणून तो आधीं थंड पाण्याखालीं धरावा, सौम्य साबणाचा एक थेंब बोटांनीं फिरवावा, पुन्हा धुवावा आणि स्वच्छ मऊ कापडानें टिपून घ्यावा. ठेवतांना भिंगें वरच्या बाजूस असावींत. विदर्भाच्या उन्हाळ्यांत चष्मा बंद मोटारींत राहूं देऊं नये; उष्णतेनें लेपास तडे जातात.

चरे दृष्टीच्या आड येऊं लागल्यास भिंगें बदलावींत. मात्र त्यापूर्वीं चष्मा धुवून दिव्यासमोर धरून पाहावा. भिंग स्वच्छ असूनहि धूसर दिसत असेल, रात्रीं दिव्यांभोंवतीं वलयें दिसत असतील, तर दोष चष्म्याचा नसून डोळ्यांचा असूं शकतो. वडील माणसें चष्म्यास बोल लावून महिनेच्या महिने काढतात. त्यांस नेत्रवैद्यांकडे न्यावें. मोतीबिंदु शस्त्रक्रियेनें दूर करतां येतो. काचबिंदूनें गेलेली दृष्टि मात्र परत येत नाहीं.