फ्यूज बॉक्स बसवायचा कुठे?

लांबच्या प्रवासाची आवड लागली की मोटारसायकलवर एकेक वस्तू चढत जाते. आधी मोबाइलसाठी यूएसबी चार्जर, मग घाटातल्या धुक्यासाठी फॉग लॅम्पची जोडी, पुढे जोडहॉर्न. दर वेळी बॅटरीच्या टर्मिनलखाली आणखी एक वायर अडकवली जाते. तीन-चार वायरी एकाच बोल्टखाली आल्या की तो नीट आवळला जात नाही, हादऱ्यांनी सैल होतो आणि एक दिवस गाडीच सुरू होत नाही. यावर चांगला उपाय म्हणजे वेगळा, छोटा फ्यूज बॉक्स. बॅटरीवरून त्यात एकच जाड वायर येते आणि तिथून प्रत्येक वस्तूला स्वतःच्या फ्यूजमधून वीज जाते. हॉर्नचा फ्यूज उडाला तरी दिवे चालू राहतात आणि बिघाड कुठे आहे ते लगेच सापडतं.

बॉक्स घेणं सोपं असतं. खरी अडचण जागेची असते, कारण उभ्या गाडीत मोकळी दिसणारी जागा चालत्या गाडीत मोकळी असतेच असं नाही. सीट दबते, मागचं चाक वर येतं, हँडल वळतं, इंजिन तापतं, पाणी उडतं. हे पाचही लक्षात घेऊन जागा ठरवायची.

सुरुवात हिशेबाने करा. वॉटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. 20 वॉटचे दोन फॉग लॅम्प म्हणजे 40 वॉट. 12 व्होल्टवर सुमारे 3.3 अँपिअर. चार्जरला दीड ते दोन अँपिअर धरा. हॉर्नवर लिहिलेला आकडा वाचा. जोडी मिळून आठ अँपिअर धरले, तर एकूण तेरा-साडेतेरा होतात. एवढ्यासाठी चार फ्यूजचा बॉक्स पुरतो. सहाचा घेतला तर पुढची सोय होते. झाकण लावून बॉक्सची लांबी, रुंदी, उंची मोजा आणि वायरी जिथून बाहेर पडतात त्या बाजूला आणखी दोन-तीन सेंटिमीटर धरा. वायर लगेच काटकोनात मुडपली तर जोडावर ताण येतो.

आता जागा पाहू. पहिली पसंती सीटखाली. बॅटरी बहुधा जवळ असते, पाणी कमी येतं आणि सीट काढली की फ्यूज हाताशी. पण सीटचा तळ प्लॅस्टिकचा असतो आणि दोन माणसं बसल्यावर तो खाली झुकतो. हे तपासायला थोडी कणिक घट्ट मळून घ्या. तिचे उंच गोळे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, बॉक्स जिथे येणार तिथे तीन-चार ठिकाणी ठेवा. सीट लावून लॉक करा, दोघांनी बसून चांगलं दाबा, मग सीट अलगद काढा. दबलेल्या गोळ्याची सगळ्यात कमी जाडी हीच तुमची खरी उंची. त्यातून अर्धा सेंटिमीटर मोकळा सोडून बॉक्स बसत असेल तरच ती जागा घ्या.

दुसरी जागा साइड पॅनलच्या आत. इथे एअर फिल्टरचं तोंड झाकलं जाणार नाही आणि फिल्टर बदलताना बॉक्स काढावा लागणार नाही, एवढं पाहा. शेपटीच्या कव्हरखालची टूलकिटची जागा कोरडी आणि सुटसुटीत असते, फक्त बॅटरीपासून जरा लांब पडते. मागच्या मडगार्डला बॉक्स लावायचा असेल, तर खड्ड्यात चाक किती वर येतं ते आधी पाहा. शिवाय तिथे चिखलाचा मारा असतो.

हेडलाइटमागची पोकळी पुष्कळांना मोहात पाडते. तिथे हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून एकही वायर ताणली किंवा चिमटली जात नाही ना, हे पाहावं लागतं. टाकीखाली बॉक्स लावूच नये. इंजिनची धग वर येते, पेट्रोलच्या नळ्या शेजारी असतात आणि एका फ्यूजसाठी टाकी उतरवावी लागते. रेक्टिफायर आणि सायलेन्सरपासूनही लांबच राहा.

जागा ठरली की चौकटीला भोक पाडू नका. दोन मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियम पत्र्याची पट्टी किंवा भाजी कापायच्या प्लॅस्टिक बोर्डाचा तुकडा कापून त्यावर बॉक्स बसवा. गाडीच्या एखाद्या बोल्टच्या जागी थोडा लांब बोल्ट घालून ही पट्टी तिथे आवळा, मध्ये रबराचा वॉशर द्या. बॉक्सच्या तळाचा कुठलाही उघडा धातू पत्र्याला लागता कामा नये. वायरी खालच्या बाजूने आत येऊ द्या, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत बॉक्समध्ये शिरणार नाही.

जोडणीत सगळ्यात महत्त्वाचा मुख्य फ्यूज. बॅटरी ते हा फ्यूज, या टप्प्यातल्या वायरीला कसलंही संरक्षण नसतं. ती घासून चौकटीला लागली तर पेटू शकते. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आतच हवा. वरच्या हिशेबाला 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि 20 अँपिअरचा पिवळा फ्यूज ठीक. पुढे दिव्यांना आणि चार्जरला 5 अँपिअरचा बदामी, हॉर्नला 10 चा लाल. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. तो उडतो म्हणून मोठा घालणं म्हणजे आगीला वाट करून देणं.

मुख्य फ्यूज आणि बॉक्स यांच्यामध्ये रिले घाला. रिलेच्या 30 नंबरच्या पिनला बॅटरीची वायर, 87 ला बॉक्स, 85 ला अर्थ आणि 86 ला किल्ली फिरवल्यावरच करंट येणारी वायर. ती बहुधा टेललाइटजवळ सापडते. मल्टिमीटरने खात्री करा. रिलेमुळे किल्ली बंद होताच सगळं बंद होतं. हे का हवं ते पाहा: उदाहरणार्थ, हिमालयन 411 या मोटारसायकलची बॅटरी 8 अँपिअर-अवरची. वरचे फॉग लॅम्प इंजिन बंद असताना चुकून तासभर चालू राहिले, तर जवळपास चाळीस टक्के बॅटरी खर्ची पडते.

अर्थची वायर चौकटीला न लावता बॅटरीच्या मायनसपर्यंत न्या. रंग आणि गंज चौकटीवरचा जोड कच्चा करतात. काम सुरू करताना आधी मायनस सोडा, शेवटी मायनस लावा. म्हणजे प्लस सोडताना पाना चौकटीला लागला तरी ठिणगी पडत नाही.

पहिल्या लांब फेरीनंतर सगळे बोल्ट आणि जोड पुन्हा तपासा. कोणता फ्यूज कशाचा, ते झाकणाच्या आत लिहून ठेवा आणि दोन जादा फ्यूज जवळ बाळगा. एवढं करूनही बॉक्स कुठे बसत नसेल, तर छोटा बॉक्स घ्या किंवा एखादी वस्तू कमी करा. पण त्यासाठी गाडी कापू नका.